हाडांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲनाटॉमी शिकवण्यात माझी ३१ वर्षं गेली. निवृत्तीनंतर विद्यार्थी सुटले, प्रश्न काही सुटले नाहीत. आता ते कॉलनीतल्या काकू विचारतात, भाजीवाला विचारतो, दहावीतली भाची विचारते. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला अनोळखी माणूसही मोबाइलवर एक्स-रे उघडून माझ्या ताटावर धरतो. तेच तेच सांगून कंटाळले म्हणून हे एकदाचं लिहून ठेवलं. मी हाडांची डॉक्टर नाही, हाडं शिकवणारी मास्तरीण आहे. तेव्हा औषधांची नावं आणि डोस इथे शोधू नका.

हाड जिवंत असतं का? हातात घेतलं तर काठीसारखं वाटतं.

हातात येतं ते मेलेलं हाड, म्हणून तसं वाटतं. शरीरातलं हाड ओलं आणि गुलाबीसर असतं, कापलं तर त्यातून रक्त येतं.

सावजीकडे बसून मटणाची नळी चोखली असेल तर अर्धा धडा तुमचा आधीच झाला आहे. पुढच्या वेळी चोखण्याआधी जरा निरखून बघा. मधल्या दांड्याची भिंत दाट, गुळगुळीत, हस्तिदंतासारखी असते. आत पोकळी आणि तिच्यात ती मऊ मज्जा, जिच्यासाठी आपण नळी ताटावर आपटतो. टोकाकडचा गोल भाग कापलेला मिळाला तर तिथे पोकळी नसते, अनारशासारखी बारीक जाळी असते. तुमच्या मांडीचं हाडही असंच आहे. दाट भागाला घन अस्थी म्हणतात, जाळीला स्पंजी अस्थी. सांगाड्याच्या वजनात साधारण ८० टक्के वाटा घन अस्थीचा.

आता हे 'घन'ही नावापुरतंच. हाडाचा काप घासून घासून पातळ केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला की एकात एक वर्तुळं दिसतात, झाडाच्या बुंध्यावर असतात तशी, आणि मधोमध एक भोक. क्लॉप्टन हॅव्हर्स या इंग्रज डॉक्टरने १६९१ मध्ये या बारीक नळ्यांचं वर्णन केलं, त्यामुळे त्या त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. भोकातून रक्तवाहिनी जाते. वर्तुळांच्या मधल्या खळग्यांत हाडाच्या पेशी बसलेल्या असतात आणि कोळ्याच्या पायांसारखे लांब तंतू पसरून एकमेकींना धरून असतात. ही स्लाइड पहिल्यांदा दाखवली की पहिल्या वर्षाचा वर्ग गप्प व्हायचा. एखाद मिनिट तरी.

हाडाच्या बाहेर एक पातळ आवरण असतं, त्यात चेतातंतू भरपूर. अंधारात नडगी पलंगाला आपटल्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकतात ते या आवरणामुळे.

मग हाड कशाचं बनलेलं असतं?

मुख्यतः दोन गोष्टींचं. त्या एकमेकींपासून सोडवून बघता येतात.

कोंबडीच्या तंगडीचं हाड साफ करून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा. दोन-तीन दिवसांनी व्हिनेगर बदला आणि आठवडाभर वाट बघा. आकार तोच राहील, पण हाड रबरासारखं वाकेल. कॉलेजात आम्ही पोटरीतलं बारीक हाड ॲसिडमध्ये ठेवायचो आणि त्याला चक्क गाठ मारून दाखवायचो. ॲसिडने खनिज विरघळवलं, मागे राहिलं ते कोलॅजेन नावाचं प्रथिन.

उलटा प्रयोग कुणी मुद्दाम करत नाही, तो घडतो. अंबाझरी घाटावर आईची राख सावडायला मी गेले होते. गुरुजी सांगतील तसं एकेक हाड वेचून मडक्यात ठेवत होतो. पांढरी, हलकी, आकार बऱ्यापैकी शाबूत, पण चिमटीत जरा जोर पडला की भुगा. तशा वेळीसुद्धा डोक्यातली मास्तरीण गप्प बसेना: कोलॅजेन जळून गेलं, उरलं ते नुसतं कॅल्शियम फॉस्फेट.

हाडात वजनाने साधारण ६५ टक्के खनिज, २५ टक्के कोलॅजेन आणि थोडी इतर प्रथिनं, उरलेलं पाणी. घराचा स्लॅब पडताना पाहिला असेल तर हे लगेच कळेल. काँक्रीट दाब सोसतं, सळया ताण सोसतात, आणि दोन्हींपैकी एक काढून घेतलं तर छत टिकत नाही. हाड दाब सोसण्यात साध्या काँक्रीटपेक्षा कितीतरी सरस आहे. त्याची खरी नड आहे ती पिळवटण्याची. पाय खड्ड्यात अडकला आणि अंग वळलं की नडगीचं हाड तिरपं, गोल जिन्यासारखं मोडतं.

नागपूरच्या संत्र्याचा हाडांशी काही संबंध आहे, की नुसताच अभिमान?

आहे. कोलॅजेनचे तीन धागे एकमेकांभोवती वळून दोर तयार होतो आणि तो पक्का वळला जायला सी जीवनसत्त्व लागतं. माणसाचं शरीर ते स्वतः बनवू शकत नाही. ते अजिबात मिळालं नाही तर हिरड्यांतून रक्त येतं, आणि लहान मुलांच्या हाडांच्या आवरणाखाली रक्त साकळून ती पायाला हात लावू देत नाहीत. रोजची गरज एक-दोन संत्र्यांत भागते. संत्रा बर्फी या हिशेबात धरू नका. ती आटवतानाच सी जीवनसत्त्वाचा बराच भाग संपतो आणि साखर तेवढी शिल्लक राहते.

मोठ्या माणसात २०६ हाडं, मग बाळात ३०० कशी?

हाडं हरवत नाहीत, जुळतात. जन्मतः पावणेतीनशे ते तीनशे वेगळे तुकडे असतात. माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड पाच मणके जुळून एक होतं, कमरेचं एका बाजूचं हाड तीन तुकडे जुळून. कवटीचे तुकडेही एकमेकांत गुंततात.

मोजणी अशी: कवटी २२, दोन्ही कानांत मिळून ६, गळ्यातलं १, पाठीचा कणा २६, छाती २५, दोन्ही हात खांद्यासकट ६४, दोन्ही पाय कमरेसकट ६२. यातली १०६ एकट्या दोन पंजांत आणि दोन पावलांत आहेत. सांगाड्याची अर्ध्याहून जास्त हाडं बारीकसारीक कामाला लावलेली. आणि गळ्यातलं ते एक हाड दुसऱ्या कुठल्याही हाडाला टेकत नाही, स्नायूंच्या आधारावर लोंबकळत असतं. तोंडी परीक्षेत मुलं बाकी सगळं सांगायची आणि हे विसरायची.

भाचीने विचारलं होतं, सुश्रुताने ३०० हाडं सांगितली आणि चरकाने ३६०, म्हणजे ते चुकले का? मोजायचा नियम वेगळा होता. त्यांनी दात धरले, कूर्चाही (हाडाजवळचं कोवळं, लवचीक द्रव्य) धरल्या. सुश्रुताने हाडांचे प्रकार पाडले त्यात कोवळ्या हाडांना 'तरुण' म्हटलं आहे आणि लांब हाडांना 'नलक'. सावजीच्या ताटातली 'नळी' आणि हा 'नलक' एकाच घरातले शब्द. तसं २०६ हीसुद्धा काळ्या दगडावरची रेघ नव्हे. काही जणांना मानेत एक जास्तीची बरगडी असते आणि एक्स-रे काढेपर्यंत पत्ता नसतो.

दात हाडं असतात का?

नाही. मोडलेलं हाड जुळतं, तुटलेला दात जुळत नाही.

बाळाची टाळू तेलाने भरते का?

टाळू म्हणजे कवटीच्या हाडांमधली मोकळी जागा. बाळंतपणात डोकं अरुंद वाटेने बाहेर यावं म्हणून ती हाडं सुटी असतात, आणि पुढे मेंदू झपाट्याने वाढतो त्यालाही जागा लागते. मागची छोटी टाळू दोनेक महिन्यांत भरते, पुढची मोठी बहुतेक मुलांत दीड वर्षापर्यंत. ती आपोआप भरते, तेल घाला वा नका घालू. आजीला हे सांगायचा प्रयत्न मी एकदा केला होता, पुन्हा केला नाही. हलक्या हाताने तेल लावल्याने बिघडत काही नाही. दाबायचं मात्र नाही, आणि नाकाकानात तेल सोडायचं नाही.

टाळूचा खरा उपयोग उन्हाळ्यात होतो. मे महिन्यात बाळाला जुलाब लागले आणि टाळू खोल गेलेली दिसली तर अंगातलं पाणी कमी झालंय, लगेच दवाखाना गाठा. बाळ शांत असताना टाळू फुगलेली दिसली तरीही तेच.

उंची कशी वाढते? बारला लटकल्याने वाढते का?

१८व्या शतकात स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने कोंबडीच्या पिलाच्या तंगडीच्या हाडाला दोन बारीक भोकं पाडली. पिलू मोठं झाल्यावर हाड बरंच लांब झालं होतं, पण भोकांमधलं अंतर जवळपास तेवढंच. म्हणजे हाड रबरासारखं मधून ताणलं जात नाही, टोकांना वाढतं.

त्या टोकांजवळ कूर्चेची एक चकती असते, वाढीची चकती. कूर्चा म्हणजे कानाच्या पाळीच्या वर हाताला लागतं ते लवचीक द्रव्य. चकतीत कूर्चेच्या पेशी एकीवर एक थर रचत जातात आणि मागून येणाऱ्या पेशी जुन्या थराचं हाड करत येतात. हा पाठशिवणीचा खेळ चालू आहे तोवर उंची वाढते. मग हाड चकतीला गाठतं, चकती संपते आणि उंचीही थांबते. मुलींमध्ये बहुधा १४ ते १६, मुलांमध्ये १६ ते १८ या वयात. चकती मिटवण्याचं काम मुलग्यांमध्येही इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं म्हणून ओळखलं जाणारं संप्रेरकच करतं, हे ऐकून बरेच बाप अस्वस्थ होतात. सगळ्यात शेवटी जुळतो तो गळपट्टीच्या हाडाचा छातीकडचा भाग, विशीच्या पुढे. गंमत म्हणजे आईच्या पोटात हाड बनायला सुरुवातही याच हाडापासून होते, पाचव्या-सहाव्या आठवड्यात.

लटकून उंची वाढत नाही. लटकल्यावर मणक्यांमधल्या चकत्या जराशा फुगतात आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा दबतात. सकाळ-संध्याकाळच्या उंचीत तसाही एखाद सेंटिमीटरचा फरक पडतोच. डबाबंद पावडरींविषयी इतकंच की आईबापाची उंची त्यांच्या डब्यात येत नाही.

मुलाची वाढ मागे पडल्याची शंका असेल तर डॉक्टर डाव्या हाताच्या पंजाचा एक्स-रे काढायला सांगतात. मनगटात आठ छोटी हाडं असतात, पण नवजात बाळाच्या एक्स-रेत ती जागा रिकामी दिसते, कारण तिथे अजून नुसती कूर्चा आहे. मग एकेक हाड ठराविक वयात उगवत जातं. त्यावरून हाडाचं वय कळतं, आणि ते जन्मदाखल्यावरच्या वयापेक्षा वेगळं असू शकतं. वयोगटाच्या स्पर्धांत खेळणाऱ्या मुलांच्या घरी हे आधीच ठाऊक असतं.

वाढ थांबल्यावर हाड आयुष्यभर तसंच राहतं?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न हाच. तसंच अजिबात राहत नाही. हाडात दोन गँग असतात. एक जुनं हाड कुरतडून काढते, तिच्या पेशी ऑस्टिओक्लास्ट. दुसरी मागोमाग येऊन नवं हाड घालते, ऑस्टिओब्लास्ट. एका जागचं कुरतडणं दोन-तीन आठवड्यांत उरकतं, भरणं मात्र तीन-चार महिने चालतं. जुनं पाडणं सोपं, बांधायला वेळ, हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दरवर्षी असा बदलतो.

कुठे किती भरायचं हे भारावरून ठरतं. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा उभा चिरला तर आतली जाळी कशीही पसरलेली दिसत नाही, कमानी दिसतात. १८६०च्या दशकात झुरिकमध्ये कुलमान नावाच्या इंजिनिअरने शरीररचनाकार मायर यांच्याकडे असा काप पाहिला आणि त्याला त्यात क्रेनमधल्या ताणाच्या रेषा दिसल्या. पुढे १८९२ मध्ये युलियस वुल्फने नियम मांडला: हाडावर जसा भार येतो तशी त्याची घडण बदलते. टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्यापेक्षा जाड असतं. अंतराळवीरांच्या कमरेच्या आणि मांडीच्या हाडातली घनता महिन्याला एक टक्क्याच्या आसपास कमी होते, कारण तिथे उचलायला वजनच नाही. पलंगावर पडून असलेल्या आजोबांचंही तेच होतं, म्हणून ऑपरेशननंतर डॉक्टर त्यांना दुसऱ्याच दिवशी उभं करायला बघतात. नातेवाईक भांडतात, 'अजून टाके ओले आहेत न'. भांडू नका.

हाडांचं काम म्हणजे शरीराला उभं धरणं, एवढंच न?

आधार, मेंदू-हृदयाचं रक्षण आणि स्नायूंना ओढायला तरफ, हे शाळेत झालं. कानातली तीन हाडं तर आवाज पुढे ढकलतात. त्यातलं रिकिबीसारखं हाड तीनेक मिलिमीटरचं, तांदळाच्या कणीएवढं, शरीरातलं सगळ्यात छोटं.

शाळेत सांगायचं राहून जातं ते रक्त. लाल मज्जेत दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त तांबड्या पेशी तयार होतात. लहानपणी लाल मज्जा जवळपास सगळ्या हाडांत असते. मोठेपणी ती कमरेचं हाड, मणके, बरगड्या, छातीचं मधलं हाड अशा ठिकाणी राहते आणि हातापायांच्या नळ्यांत पिवळी चरबी भरते. म्हणून मज्जेची तपासणी कमरेच्या हाडातून करतात, पायातून नाही.

सिकलसेलमध्ये हाडं का दुखतात?

आपल्याकडे, विदर्भात, हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा जास्त वेळा येतो आणि यायलाच हवा. इथल्या आदिवासी आणि इतर अनेक समाजांत सिकलसेल या आईबापाकडून मुलांत येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं प्रमाण मोठं आहे. तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि ताठर होते. हाडातल्या रक्तवाहिन्या केसाहून बारीक, तिथे या पेशी अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि असह्य दुखतं. तान्ह्या मुलात हातापायांची बोटं सुजून येणं ही बहुतेकदा पहिली खूण असते. तरुणपणी खुब्याच्या गोळ्याचं रक्त तुटून तो ढासळू शकतो. पंचविशीतला मुलगा लंगडत येतो आणि खुबा बदलायची वेळ येते.

साधी तांबडी पेशी १२० दिवस जगते, सिकलची १० ते २०. मज्जा रात्रंदिवस राबूनही रक्त कमीच पडतं. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं आहे. लग्नाआधी पत्रिका बघणारच असाल तर सिकलची तपासणीही करून घ्या. ती रक्ताच्या काही थेंबांत होते.

रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं, म्हणजे हाडं मजबूत?

नाही, आणि या एका गैरसमजापायी लोक वर्षानुवर्षं निर्धास्त राहतात. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं, मोठ्या माणसात किलोभराच्या आसपास. उरलेल्या एका टक्क्यावर हृदयाचा ठोका आणि स्नायूंची हालचाल चालते, म्हणून रक्तातली पातळी ढळलेली शरीराला चालत नाही. ती जरा खाली गेली की गळ्यातल्या वाटाण्याएवढ्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात सोडतात. दुकान उधारीवर चालू असतं आणि गल्ला भरलेला दिसतो, तसंच हे.

नागपुरात एवढं ऊन, तरी व्हिटॅमिन डी कमी कसं?

ऊन आहे, पण आपण त्यात असतो का? मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की गाडीवरच्या मुलीचे फक्त डोळे दिसतात. दुपट्टा, हातमोजे, गॉगल. त्यात चूक काहीच नाही, ऊन लागून माणसं दगावतात इथे. पण डी जीवनसत्त्व बनवणारे अतिनील किरण कातडीवर पडायला हवेत. ते काचेतून येत नाहीत, त्यामुळे बंद खिडकीशी बसून पेपर वाचला तर फक्त पेपर वाचून होतो.

सोपा नियम सावलीचा. सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन कामाचं. नागपुरात मे महिन्यात सकाळी नऊच्या सुमारालाच सावली उंचीएवढी होते. डिसेंबरात मात्र भर दुपारी बारा-सव्वाबारालाही ती जेमतेम तेवढीच असते. म्हणजे हिवाळ्यात सकाळी सातला गच्चीवर बसून ऊब मिळते, डी फारसं मिळत नाही. हिवाळ्यात दुपारी बसा, उन्हाळ्यात नऊ-साडेनऊला थोडा वेळ, हातपाय उघडे ठेवून. मग आत या आणि पन्हं प्या.

डी कमी असेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून नीट शोषलंच जात नाही. लहान मुलांत पाय धनुष्यासारखे वाकतात, त्याला मुडदूस म्हणतात.

कॅल्शियमसाठी काय खावं? चुना खाल्ला तर चालतो का?

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम लागतं. पाव लिटर दुधात ३०० च्या आसपास मिळतं, दह्यातही जवळपास तितकंच. दहा ग्रॅम न सोललेल्या तिळात शंभरेक. नाचणीत भरपूर, पण आपल्याकडे ती रोज कोण खातं? ज्वारीच्या भाकरीत फार नाही. जवसाची चटणी मला जीव की प्राण, पण दोन चमच्यांत कॅल्शियमचा हिशेब भागत नाही. पालकात कॅल्शियम आहे, ते ऑक्झलेटमध्ये असं अडकलेलं असतं की अंगी फारसं लागत नाही.

चुन्याचा निरोप दर सहा महिन्यांनी व्हॉट्सॲपवर फिरतो. चुन्यात कॅल्शियम असतं हे खरं. पण तो दाहक असतो, तोंडाचं अस्तर पोळतो, आणि गव्हाच्या दाण्याएवढा म्हणता म्हणता कुणी किती खातं याला माप नाही. तिळाची चिक्की खा, स्वस्त पडते.

मोडलेलं हाड कसं जुळतं? प्लास्टर किती दिवस?

प्लास्टर हाड जोडत नाही, फक्त हलू देत नाही. जोडतं ते हाडच. मोडल्या जागी आधी रक्ताची गुठळी होते. दोन-तीन आठवड्यांत तिच्या जागी कूर्चेचा मऊ सांधा येतो, मग त्यात खनिज भरून कडक गाठ बनते. एक्स-रेत ती ढगासारखी दिसते आणि लोक घाबरतात की हाड वाकडं जुळलं. पुढे काही महिने, कधी काही वर्षं, त्या दोन गँगा गाठ तासत बसतात. कातडीवर व्रण राहतो, हाड मात्र पुन्हा खऱ्या हाडानेच भरून निघतं.

मनगट मोठ्या माणसात साधारण सहा आठवडे, नडगीला तीन-चार महिने किंवा जास्तही. मुलांचं लवकर जुळतं. त्यांचं हाड पुष्कळदा पूर्ण मोडतही नाही, ओल्या फांदीसारखं एका बाजूने चिरतं.

दोन गोष्टी ठामपणे सांगते. प्लास्टर केल्यावर बोटं निळी पडली, बधिर झाली, किंवा दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतच गेलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखान्यात जा. बांबूच्या कामट्या करकचून बांधून घेतलेल्यांना तर हे दुप्पट लागू. आमच्या नात्यातल्या एका मुलाचा हात त्या बांधणीपायी कायमचा आखडला.

दुसरी गोष्ट खर्रा. पाय प्लास्टरमध्ये, आणि उशीखाली पन्नीत घोटलेला खर्रा, हे दृश्य मी किती वेळा पाहिलंय. तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आखडवतं, आणि जुळणाऱ्या हाडाची सगळी भिस्त रक्तावर. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांची हाडं उशिरा जुळतात हे तर पक्कं ठाऊक आहे.

'गुडघ्यातलं ग्रीस संपलं', 'मणक्यात गॅप आला', 'टाचेचं हाड वाढलं' म्हणजे नेमकं काय?

आमचा भाजीवाला म्हणाला, 'मॅडम, गुडघ्यातलं ग्रीस संपून राहिलं म्हणते डॉक्टर.' सांध्यात वंगणासारखं द्रव असतं खरं, पण झिजते ती हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात म्हणून ती हाडासारखी भरून येत नाही. एक्स-रेत कूर्चा दिसत नाही, दोन हाडांमधली फट तेवढी अरुंद दिसते.

मणक्यात 'गॅप' बहुतेकदा उलटा असतो: मधली चकती सुकून फट कमी झालेली असते. हा शब्द कुणी रूढ केला देव जाणे.

टाचेचं 'वाढलेलं' हाड एक्स-रेत काट्यासारखं दिसतं. दुखणं बहुधा त्या काट्याचं नसतं, तळव्याचा जाड पट्टा टाचेला जिथे चिकटतो तिथलं असतं. काटा असूनही काहीच न दुखणारे पुष्कळ आहेत. सकाळचं पहिलं पाऊल टाकताना कळ येते का, एवढं बघा.

बोटं मोडल्याने सांधे खराब होतात का?

आवाज हाडांचा नसतो. सांध्यातल्या द्रवात अचानक वायूची पोकळी तयार होते, तिचा असतो. डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने साठेक वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली आणि शेवटी दोन्ही हातांत काही फरक नाही असं जाहीर केलं. त्याला २००९ मध्ये गमतीचं इग नोबेल मिळालं. तेव्हा दृष्ट काढताना खुशाल मोडा.

बोअरवेलच्या पाण्याने हाडं बिघडतात का?

फ्लोराइड जास्त असेल तर बिघडतात. नागपूर शहराला पेंच आणि कन्हानचं शुद्ध केलेलं पाणी येतं, पण यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त सापडतं. लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ही वरची मर्यादा. वर्षानुवर्षं त्याहून जास्त पोटात गेलं की ते हाडाच्या खनिजात शिरतं. हाड एक्स-रेत जास्त दाट दिसतं पण ठिसूळ होतं, कण्याचे बंध कडक होतात, माणसाला मान वळवता येत नाही. दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे ही मुलांतली आधीची खूण. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट आटल्याने वाढतं.

हाडं ठिसूळ झाली हे आधी कसं कळतं?

दुखण्यावरून कळत नाही, पडल्यावर कळतं. तिशीपर्यंत हाडांची पुंजी भरते, मग हळूहळू ओसरते. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि पुढची पाच-सात वर्षं कुरतडणारी गँग पुढे पळते. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी एक्स-रे तपासणी, तिच्यात टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांशी तुलना करून आलेला आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली आला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ. देवळाच्या मंडपातल्या फुकट शिबिरात टाच मशीनमध्ये घालून आकडा सांगतात ती डेक्सा नव्हे. त्या आकड्यावर गोळ्यांचा डबा विकत घेऊ नका, डॉक्टरला दाखवा. आणि न्हाणीघरातली ओली फरशी आधी घासा.

मेडिकलची मुलं खरी हाडं शिकतात का? ती येतात कुठून?

देहदान केलेल्या किंवा कुणी न नेलेल्या देहांची. पूर्वी भारतातून, मुख्यतः कोलकात्याहून, जगभरच्या कॉलेजांना सांगाडे जायचे. १९८५ मध्ये ती निर्यात बंद झाली. आता प्लास्टिकचे सेटही मिळतात, हुबेहूब, पण वजनाला फसवे. देहदानाचा फॉर्म मेडिकल कॉलेजच्या ॲनाटॉमी विभागात मिळतो. तो भरलात तर घरच्यांनाही सांगून ठेवा, कारण फोन त्यांनाच करायचा असतो.

माझा स्वतःचा बोन सेट हॉस्टेलच्या पलंगाखाली पत्र्याच्या पेटीत असायचा. रूममेटची आई एकदा लाडवांचा डबा समजून ती उघडायला गेली आणि त्या रात्री बाहेर व्हरांड्यात झोपली. त्या सेटमधल्या मनगटाकडच्या एका हाडावर बोटभर जागी उंचवटा होता, जुनी मोड जुळल्याचा, कडा तासून गुळगुळीत झालेल्या. म्हणजे हा माणूस कधीतरी हातावर पडला होता, कुणीतरी त्याचा हात बांधला होता आणि त्यानंतरही तो बरीच वर्षं जगला होता. पुढे मी ते हाड शिकवायला वापरत राहिले. मुलं हातात घ्यायची, फिरवून बघायची आणि विचारायची, मॅडम, डावं की उजवं? उजवं होतं.